नियम ८ चा नियम १० झाला आणि साहेब सुटले

जुना_अव्वलकारकून

मंडळी, बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, आता लिहायला हरकत नाही. कार्यालयाचं, गावाचं, माणसांचं नाव मात्र लिहिणार नाही. कृपया कुणी विचारू नका.

मी सव्वीस वर्षं आस्थापना शाखेत काढली. नेमणुका, रजा, वेतनवाढी, सेवापुस्तकं आणि विभागीय चौकशीच्या नस्त्या, म्हणजे फायली. बाहेरच्या लोकांना वाटतं की सरकारी अधिकारी सुटतो तो कोर्टात किंवा मंत्रालयात. माझा अनुभव वेगळा आहे. तो बहुतेक वेळा आमच्या टेबलावरच सुटतो, दोषारोपपत्र टंकित होत असताना.

२०११ सालची गोष्ट. आमच्याकडच्या एका लिपिक-टंकलेखक बाईंनी वर्ग एकच्या अधिकाऱ्याविरुद्ध लेखी तक्रार दिली. संध्याकाळी सहानंतर काम काढून थांबवून ठेवणं, दालनात बोलावून नको ते बोलणं आणि शेवटी एकदा हात धरणं. दालनाबाहेर बसणाऱ्या शिपायाने त्या रडत बाहेर पडताना पाहिलं होतं. तेव्हा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा नव्हता, पण सर्वोच्च न्यायालयाची १९९७ ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं होती आणि त्यानुसार आमच्याकडे समितीही होती. अध्यक्ष बाई त्या अधिकाऱ्याच्या हाताखालच्या. तरीही त्यांनी धीर करून ‘तक्रारीत तथ्य आढळते’ असं लिहिलं. त्या वाक्यासाठी मी आजही त्यांना मानतो.

त्यानंतर दोषारोपपत्राचा मसुदा मी केला. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९, नियम ८ खाली. नियम ८ म्हणजे जबर शिक्षेची चौकशी. त्यातून पदावनती, सक्तीची निवृत्ती, सेवेतून काढून टाकणं किंवा बडतर्फी होऊ शकते. जोडपत्र १ मध्ये आरोप, २ मध्ये त्याचा तपशील, ३ मध्ये कागदपत्रं, ४ मध्ये साक्षीदार. सगळं लावून नस्ती वर पाठवली.

तीन आठवड्यांनी नस्ती परत आली ती पेन्सिलीच्या खुणांसह. ‘महिला कर्मचाऱ्याशी असभ्य वर्तन’ खोडून ‘अधीनस्थ कर्मचाऱ्यांशी सौजन्यपूर्ण व्यवहार न ठेवणे’. साक्षीदारांच्या यादीतून शिपाई गायब. आणि नियम ८ च्या जागी नियम १०. नियम १० म्हणजे किरकोळ शिक्षा. त्यात साक्षीपुरावे घ्यावेच लागतात असं नाही. ज्ञापन (मेमो) द्यायचं, खुलासा मागवायचा, आदेश काढायचा.

मी पेन्सिलीच्या खुणांप्रमाणे स्वच्छ प्रत काढली. तेव्हा नाही म्हणालो नाही. घरी दोन मुलं शिकत होती, माझी बदली होऊन तेवीस महिने झाले होते, एवढंच कारण होतं.

शिक्षा काय झाली? ‘एक वेतनवाढ एक वर्षासाठी रोखण्यात येत आहे, भावी वेतनवाढींवर परिणाम न होता.’ शेवटचे पाच शब्द नीट वाचा. म्हणजे वर्षभर काही शे रुपये कमी मिळाले, पुढच्या वर्षी सगळं पूर्ववत. बाईंची बदली झाली साठ किलोमीटरवरच्या तालुक्याला, ‘प्रशासकीय कारणास्तव’. शिपायाचीही झाली. साहेबांना पुढे पदोन्नती मिळाली आणि ३१ मे रोजी सत्कार होऊन ते निवृत्त झाले.

त्या बाई रोज पहाटे साडेसहाची एसटी पकडायच्या. सहा वर्षं.

तुमच्यापैकी जे सरकारी नोकरीत आहेत, होते, किंवा या प्रकरणांत वकील म्हणून काम करतात, त्यांनी कृपया लिहावं. शिक्षा नेमकी कुठे हरवते, हे एकदा नीट मांडलं जावं अशी इच्छा आहे.

सह्याद्रीवारा

काका, वाचून सुन्न झालो. एक विचारतो. पेपरात ‘तडकाफडकी निलंबन’ असं येतं. ती शिक्षा नाही का?

जुना_अव्वलकारकून

नाही. नियम ५ मध्ये शिक्षांची यादी आहे. ठपका, पदोन्नती रोखणं, वेतनवाढ रोखणं, नुकसानीची वसुली, आणि पुढे जबर शिक्षा. त्या यादीत निलंबन नाही. बदलीही नाही. या दोन्ही गोष्टी लोकांना शिक्षा वाटतात आणि तिथेच गोष्ट संपते.

निलंबनात पहिले तीन महिने साधारण निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून मिळतो. विलंब कर्मचाऱ्यामुळे झालेला नसेल तर पुढे तो पाऊणपर्यंत वाढवता येतो. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने अजयकुमार चौधरी प्रकरणात सांगितलं की तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढे चालू ठेवता येणार नाही. निकाल न्याय्यच आहे, माणसाला वर्षानुवर्षं लटकवून ठेवणं बरोबर नाही. पण आमच्याकडे काय होतं? नव्वद दिवस दोषारोपपत्र तयारच होत नाही. मसुदा फिरत राहतो. एक्क्याण्णवाव्या दिवशी माणूस परत हजर. निर्दोष सुटला तर सगळा फरक मिळतो, म्हणजे घरी बसल्याचा पूर्ण पगार.

मॅटचा_वकील

महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये, वीस वर्षं काम करतोय. दोन्ही बाजूंनी उभा राहिलो आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

‘सरकारी नोकराला काढताच येत नाही’ हा समज आधी काढून टाकूया. घटनेचं कलम ३१० सांगतं की सरकारी सेवक राष्ट्रपती वा राज्यपालांची मर्जी असेपर्यंत पदावर असतो. कलम ३११ त्या मर्जीला दोन वेसणी घालतं. नेमणूक करणाऱ्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने काढायचं नाही, आणि आरोप सांगून, बाजू मांडायची वाजवी संधी देऊन चौकशी केल्याशिवाय काढायचं नाही. बस्स, एवढंच. कुठेही लिहिलेलं नाही की काढू नका.

मग आम्ही वकील लोक शिक्षा रद्द करून कशी आणतो? चौकशीतल्या चुकांवर. साक्षीदाराची उलटतपासणी घेऊ दिली नाही. कागदपत्रांच्या प्रती दिल्या नाहीत. चौकशी अहवालाची प्रत न देता थेट शिक्षा. ज्याने प्राथमिक चौकशी केली तोच चौकशी अधिकारी. यातल्या निम्म्या चुका आळसातून होतात. उरलेल्या निम्म्या, माझं प्रामाणिक मत सांगतो, जाणूनबुजून ठेवलेल्या असतात. दोषारोपपत्रात खिडकी उघडी ठेवून दिली जाते आणि पुढे त्याच खिडकीतून माणूस बाहेर पडतो. चौकशीत खात्याची बाजू मांडणारा सादरकर्ता अधिकारी तर अनेकदा अपचाऱ्याच्याच, म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे त्याच्याच, कार्यालयातला, त्याच्यापेक्षा कनिष्ठ. तो काय उलटतपासणी घेणार?

गोव्याचं उदाहरण देतो, कारण ते या विषयावरचं सगळ्यांत महत्त्वाचं प्रकरण आहे. गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाविरुद्ध २००९ साली विद्यार्थिनींच्या तक्रारी आल्या. समितीने भराभर बैठका घेतल्या, त्याला बाजू मांडायला पुरेसा वेळ दिला नाही, आणि त्या अहवालावर बडतर्फी झाली. मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र ती रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं, २००९ मधल्या टप्प्यावर. चौदा वर्षांनी. तक्रारदार मुलींचं वय तोवर काय झालं असेल याचा विचार करा. ज्या समितीने घाई केली तिचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण चौकशी पद्धतशीर करणं हे तक्रारदार बाईच्या हिताचं असतं, ही गोष्ट आपल्या समित्यांना अजून उमगलेली नाही. त्याच निकालात न्यायालयाने देशभरातल्या समित्या खरोखर अस्तित्वात आहेत का हे तपासायलाही सांगितलं.

उलट बाजूचंही सांगतो. अ‍ॅपरल एक्स्पोर्ट प्रमोशन कौन्सिलचं प्रकरण. १९८८ मध्ये अध्यक्षांच्या खासगी सचिवाने एका टंकलेखिकेशी दिल्लीतल्या हॉटेलात गैरवर्तन केलं. त्याला सेवेतून काढलं. दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं, प्रत्यक्ष स्पर्श झालाच नाही, प्रयत्नच होता, तेव्हा परत घ्या. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि काढून टाकण्याची शिक्षा कायम केली. चौकशी नीट झालेली असेल तर न्यायालयाने शिक्षा सौम्य करण्यात उगाच हात घालू नये, हे त्यातून पक्कं झालं. म्हणजे कागद भक्कम असेल तर शिक्षा टिकते.

इंद्रायणीकाठ

मी थोडं वेगळं बोलणार आहे, रागावू नका.

मी पाटबंधारे खात्यात होतो. एका कामाच्या मोजमाप पुस्तिकेवर सही करायला नकार दिला म्हणून माझ्यावर चार आरोप ठेवले गेले. त्यांतला एक तर मी ज्या दिवशी रजेवर होतो त्या दिवशीचा. साडेतीन वर्षं चौकशी चालली. कलम ३११ नसतं तर मला पहिल्या आठवड्यात घरी पाठवलं असतं आणि माझ्या मुलीचं लग्न त्या कलंकाखाली झालं असतं.

सरदार पटेलांनी १० ऑक्टोबर १९४९ ला घटना समितीत सनदी सेवांची बाजू घेतली होती, ती याचसाठी. मोकळेपणाने मत मांडणारा अधिकारी हवा असेल तर त्याला संरक्षण द्यावंच लागतं. हरियाणाचे अशोक खेमका एप्रिल २०२५ मध्ये निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या बदल्यांची संख्या पन्नासच्या पुढे गेली होती. बदली हे शस्त्र प्रामाणिक माणसावर जास्त चालतं. त्यामुळे ‘संरक्षण काढून टाका’ अशी मागणी करताना विचार करा. ते काढलं तर आधी कोण जाईल?

रानजाई

@इंद्रायणीकाठ, तुमच्यावर झालेला अन्याय खरा आहे, आणि ३११ काढून टाका असं इथे अजून कुणीच म्हटलेलं नाही. पण एकच नस्ती दोन माणसांसाठी दोन वेगांनी कशी चालते, यावर बोलायला हवं.

मुंबई पोलिसांतले सचिन वाझे. डिसेंबर २००२ मधल्या घाटकोपर स्फोटाच्या तपासात परभणीच्या ख्वाजा युनूस या तरुण अभियंत्याला पकडलं, आणि जानेवारी २००३ मध्ये तो पोलिसांच्या ताब्यातून नाहीसा झाला. कोठडी मृत्यूच्या त्या प्रकरणात २००४ साली वाझे निलंबित झाले. सोळा वर्षं निलंबित. जून २०२० मध्ये आढावा समितीने त्यांना परत सेवेत घेतलं. त्या तरुणाची आई त्या सगळ्या काळात न्यायालयाच्या पायऱ्या चढत होती.

आता पुढचं बघा. १३ मार्च २०२१ ला राष्ट्रीय तपास यंत्रणेने अँटिलियासमोरच्या स्फोटकांच्या प्रकरणात वाझेंना अटक केली आणि मे २०२१ मध्ये ते बडतर्फ झाले. दोन महिन्यांत. चौकशी न करता, कलम ३११(२) च्या परंतुकातल्या, म्हणजे अपवादाच्या तरतुदीतल्या, (ब) खाली, म्हणजे ‘चौकशी करणं व्यवहार्य नाही’ असं लेखी नोंदवून.

कोठडीतल्या मृत्यूच्या आरोपावर सोळा वर्षांत जे होऊ शकलं नाही ते दोन महिन्यांत झालं. कायदा तोच होता. परंतुकही तेच होतं. १९८५ सालच्या तुलसीराम पटेल निकालाने ते परंतुक कधीच वैध ठरवलं होतं. फरक पडला तो सरकारला घाई वाटली म्हणून.

आणि प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकारी पूजा खेडकर. जुलै २०२४ मध्ये पुण्यातल्या वागणुकीच्या बातम्या आल्या, मग प्रमाणपत्रांचा प्रश्न निघाला, ३१ जुलैला यूपीएससीने उमेदवारी रद्द केली आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात केंद्राने सेवामुक्त केलं. त्या परिविक्षाधीन होत्या म्हणून नियम वेगळे लागू झाले, हे मान्य. पण यंत्रणा किती चपळ होऊ शकते ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं.

मॅटचा_वकील

रानजाई, मुद्दा रास्त आहे. एक इशारा देऊन ठेवतो. ३११(२)(ब) सर्रास वापरायला लागले तर इंद्रायणीकाठ यांची भीती खरी ठरेल. मला चौकशीशिवाय बडतर्फी नको आहे, चौकशी वेळेत हवी आहे. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रेमनाथ बाली प्रकरणात सांगितलंय की विभागीय चौकशी शक्यतो सहा महिन्यांत संपवा, फार तर एका वर्षात. त्या प्रकरणात दिल्लीच्या न्यायालयातलाच कर्मचारी नऊ वर्षांहून जास्त निलंबित होता. सहा महिन्यांत संपलेली चौकशी माझ्या वीस वर्षांत एका हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी पाहिली.

दवबिंदू_२२

माझे वडील वाहक होते. कोणत्या महामंडळात ते लिहीत नाही. मार्ग तपासणीत एका प्रवाशाकडे तिकीट सापडलं नाही आणि पैसे घेतल्याचा आरोप आला. पाच महिन्यांत चौकशी, सहाव्या महिन्यात बडतर्फ. मी आठवीत होते. आई दुसऱ्यांच्या घरी पोळ्या करायला जायला लागली.

पुढे मी कायद्याचा अभ्यास केला. कर्नाटकातल्या एका वाहकाचं प्रकरण वाचलं, २००१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. पस्तीस प्रवासी, तिकिटामागे पन्नास पैशांचा फरक. बडतर्फी कायम. न्यायालयाचं म्हणणं असं की वाहक विश्वासाच्या जागी असतो, रक्कम किती हे बघायचं नसतं. तत्त्व म्हणून मला ते पटतं. मनापासून पटतं. फक्त ते वर्ग एकच्या दालनात का पोचत नाही? स्वतःच्या हाताखालच्या बाईच्या बाबतीत अधिकारी विश्वासाच्या जागी नसतो का?

बाबा गेले त्याला नऊ वर्षं झाली. त्यांनी पैसे घेतले नव्हते, असं ते शेवटपर्यंत सांगत होते.

सह्याद्रीवारा

दवबिंदू, काय लिहू. नमस्कार.

मृगनक्षत्र

वरच्या पातळीवर काय होतं त्यासाठी रूपन देओल बजाज यांचं प्रकरण सगळ्यांनी समजून घ्यायला हवं. आमच्या पिढीने ते पेपरात वाचलं, नव्या मुलांना माहीत नसतं.

१८ जुलै १९८८, चंदीगड. एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या घरी मेजवानी. बजाज स्वतः आयएएस अधिकारी. के. पी. एस. गिल पंजाबचे पोलीस महासंचालक, दहशतवादाच्या काळातले सर्वांत ताकदवान अधिकारी. भर मेजवानीत, सगळ्यांच्या देखत, गिल यांनी त्यांच्याशी अश्लील वर्तन केलं. बजाज आधी वरिष्ठांकडेच गेल्या, खात्यांतर्गत दाद मागितली. काही झालं नाही. मग त्यांनी पोलिसांत गुन्हा दाखल केला.

१९८९ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने तो गुन्हाच रद्द केला. त्यासाठी जे कारण दिलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. दंडसंहितेचं कलम ९५, म्हणजे इजा इतकी किरकोळ की शहाण्या माणसाने तक्रार करू नये. जुना_अव्वलकारकून यांच्या नस्तीत पेन्सिलीने जे झालं तेच इथे निकालपत्रात झालं, ‘किरकोळ’ हा शब्द आला. त्याच वर्षी गिल यांना पद्मश्री मिळाली.

बजाज सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ऑक्टोबर १९९५ मध्ये तिथे उच्च न्यायालयाचा आदेश रद्द झाला आणि खटला चालवायला सांगितलं गेलं. १९९६ च्या जानेवारीत दोषसिद्धी, तीन महिने कारावास. अपिलात दोषसिद्धी राहिली, तुरुंग गेला. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटका आणि दोन लाख रुपये दंड. जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केलं. सतरा वर्षं. भरपाईची रक्कम बजाज यांनी घेतली नाही. गिल एकही दिवस शिक्षेसाठी तुरुंगात गेले नाहीत आणि पद्मश्रीही राहिली.

ही बाई स्वतः आयएएस, नवराही आयएएस. तरी सतरा वर्षं. तालुक्याला एसटीने जाणाऱ्या टंकलेखिकेने काय करायचं?

तमिळनाडूतलं अलीकडचं प्रकरणही सांगतो. २०२१ मध्ये तिथल्या विशेष पोलीस महासंचालकाविरुद्ध एका महिला आयपीएस अधिकाऱ्याने तक्रार केली. ती तक्रार द्यायला चेन्नईला निघाली तर वाटेत तिची गाडी अडवली गेली. जून २०२३ मध्ये विळुप्पुरमच्या न्यायालयाने त्या महासंचालकाला तीन वर्षांची शिक्षा सुनावली. गिल प्रकरणाच्या मानाने मोठाच फरक. पण गाडी अडवणाऱ्या पोलीस अधीक्षकाला शिक्षा काय? पाचशे रुपये दंड.

जुना_अव्वलकारकून

मृगनक्षत्र, त्या पाचशे रुपयांपाशी मी थांबलो. वरच्या माणसासाठी गाडी अडवणारा आणि वरच्या माणसासाठी नियम ८ चा १० टंकित करणारा यांत फार अंतर नाही. हे मला लिहायलाच हवं होतं.

अनामिका_नोकरदार

मी हा धागा चार दिवस नुसता वाचतेय. आज लिहिते. मी राज्य सरकारच्याच एका कार्यालयात आहे. माझ्या तक्रारीवर अंतर्गत समितीचा अहवाल आला, माझ्या बाजूने. त्याला ७५ दिवस झाले. त्या अधिकाऱ्याची फक्त बदली झाली, तीही त्यांच्या गावाजवळ. मला तोंडी सांगितलं की ‘कारवाई झाली, आता विषय वाढवू नका’. अहवालाची प्रत मला दिलेली नाही. समितीतल्या एका मॅडमनी फक्त वाचून दाखवला. माहिती अधिकारात अर्ज केला तर वैयक्तिक माहिती म्हणून नाकारला. मी काय करू शकते? प्लीज कुणी सांगेल का.

मॅटचा_वकील

ताई, आधी एक. इथे कुणाचंही नाव, पद, गाव लिहू नका. २०१३ च्या कायद्याचं कलम १६ तक्रारदार, प्रतिवादी आणि अहवालातला मजकूर जाहीर करायला मनाई करतं. ते तुमच्याही संरक्षणासाठी आहे.

माहिती अधिकाराचा रस्ता सोडून द्या. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गिरीश रामचंद्र देशपांडे प्रकरणात कर्मचाऱ्याला दिलेली ज्ञापनं आणि शिक्षेचे आदेश ही वैयक्तिक माहिती ठरवली. ते प्रकरणही महाराष्ट्रातलंच. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातल्या दुरुस्तीने तर ते दार आणखी लहान केलं. जनतेच्या पगारावर असलेल्या माणसाला काय शिक्षा झाली हे जनतेला विचारता येऊ नये, हे मला आजही पटत नाही. असो.

पण तुम्ही त्रयस्थ नाही, तुम्ही तक्रारदार आहात. कलम १३(१) नुसार चौकशी संपल्यापासून दहा दिवसांत अहवाल मालकाला (इथे कार्यालयाला) द्यायचा असतो आणि तो दोन्ही बाजूंना उपलब्ध करायचा असतो. त्यामुळे तो मागा, माहिती अधिकाराचा उल्लेख न करता, थेट या कलमाखाली. कलम १३(४) प्रमाणे अहवाल मिळाल्यापासून साठ दिवसांत शिफारशींवर कारवाई करणं कार्यालयावर बंधनकारक आहे. ती मुदत उलटली. कलम १३ खालची कारवाई केली नाही तर कलम २६ मध्ये मालकाला पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. बदली ही कारवाई नाही, वर काकांनी लिहिलंय तसं नियम ५ च्या यादीत ती नाहीच.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. शिफारशी अमलात आणल्या नाहीत याविरुद्ध कलम १८ खाली अपील करता येतं, पण नव्वद दिवसांत. तुमचे ७५ झाले. हातात पंधरा दिवस आहेत. राज्य कर्मचारी म्हणून तुम्हाला मॅटकडे जाता येईल. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, महिलांना उत्पन्नाची अट नाही.

‘पुन्हा स्वतंत्र विभागीय चौकशी लावू’ असं कुणी म्हणालं तर २०१२ चा मेधा कोतवाल लेले निकाल दाखवा. तक्रार समितीचा अहवाल हाच शिस्तविषयक चौकशी अहवाल मानायचा, असं त्यात स्पष्ट आहे. मेधाताई पुण्याच्या. आपल्याच मातीतल्या बाईने लढून मिळवलेला निकाल आहे, तो वापरा.

जुना_अव्वलकारकून

ताई, वकीलसाहेबांनी कायदा सांगितला. मी टेबलाच्या आतून सांगतो.

अर्ज एका पानाचा करा. मागणी दोनच: अहवालाची प्रत आणि कलम १३(४) खाली काय कारवाई केली त्याचा लेखी आदेश. झालेला त्रास पुन्हा लिहू नका, तो अहवालात आहे. लांब अर्ज असला की त्यातलं एखादं वाक्य पकडून ‘खुलासा मागवावा’ असा शेरा मारता येतो आणि दोन महिने जातात.

अर्ज साहेबांच्या हातात देऊ नका. आवक-जावक शाखेत द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. क्रमांक हाताने लिहून देतील, तो नोंदवहीत चढलेला डोळ्यांनी बघा. अर्जाखाली ‘प्रत माहितीस्तव’ म्हणून वरच्या विभागीय कार्यालयाचं आणि जिल्हाधिकाऱ्यांचं नाव टाका आणि त्या प्रती स्पीड पोस्टाने खरंच पाठवा. नस्तीवर बाहेरचा पत्ता दिसला की पेन्सिल चालवणारा हात थांबतो. बदल्यांच्या २००५ च्या कायद्यात नस्ती कुठल्याही टेबलावर कामकाजाच्या सात दिवसांहून जास्त ठेवू नये असं कलम १० आहे, त्याचाही एका ओळीत उल्लेख करा.

आणि कार्यवाहीचे आदेश हातात आले तर आधी हे पाहा: नियम ८ लिहिलाय की १०.

इंद्रायणीकाठ

ताई, मी वर वेगळी बाजू मांडली होती, तरी सांगतो. माझ्या चौकशीत मी टिकलो तो एकाच कारणाने, प्रत्येक कागदाची पोच माझ्याकडे होती. सगळ्याची झेरॉक्स घरी ठेवा, कार्यालयाच्या कपाटात नको. मॅटला मुंबईला जायचं असेल आणि कुणी सोबत हवं असेल तर माझी पत्नी येईल, ती स्वतः निवृत्त शिक्षिका आहे. निरोपात कळवा.

दवबिंदू_२२

मी वकिली करते. अर्जाचा मसुदा पाठवते. फी नको.

अनामिका_नोकरदार

सगळ्यांना उत्तर देते. काल अर्ज दिला. आवक शाखेतले भाऊ म्हणाले, “मॅडम, पोच कशाला, मी साहेबांच्या टेबलावर ठेवतो ना.” मी म्हणाले, शिक्का पाहिजे. ते दोनदा आत जाऊन आले. वीस मिनिटं उभी होते. मग शिक्का मारला, क्रमांक घातला, मी नोंदवहीत बघितला, फोटो काढला. स्पीड पोस्टाच्या दोन पावत्या पर्समध्ये आहेत.

आज सकाळी अकरा वाजता आस्थापनेतून फोन आला, अहवालाची प्रत घेऊन जा म्हणून. दुपारी घेतली. सतरा पानं आहेत. शिफारशीत ‘नियम ८ अन्वये कार्यवाही करावी’ असं लिहिलंय. दवबिंदूताईंना प्रत पाठवली आहे. अपिलाला अकरा दिवस उरलेत, सोमवारी त्यांच्याकडे जातेय.